रोमची संधी

मराठी कुठे संपते आणि हिंदी कुठे सुरू होते, याचा आमच्या संधीबाईंना पत्ताच नसायचा. वडील फौजेत, मूळचे साताऱ्याकडचे. बाईंचा जन्म, शाळा, लग्न, नोकरी सगळं जयपूरला. तिथल्या लॉ कॉलेजात त्या युरोपीय समुदायाचा कायदा शिकवायच्या. संधीबाई हे नाव मी ठेवलेलं, आणि त्याला कारण माझाच मूर्खपणा.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. सांगलीहून मी एका सत्रासाठी तिथे पाहुणी विद्यार्थिनी म्हणून गेले होते आणि खातीपुऱ्यात मामाकडे राहत होते. इंग्रजी व्याख्यानं डोक्यावरून जायची. बाई मामाच्याच गल्लीतल्या. माझी दया येऊन त्या मला संध्याकाळी व्हरांड्यात बसवून मराठीत शिकवू लागल्या. "सहा देशांनी रोममध्ये संधी केली," त्यांनी सांगितलं. संधी करतात कशी ते मला कळेना, पण विचारायची लाज वाटली. बाईंनी घरीच घेतलेल्या चाचणीत मी ठोकून दिलं, की सहा देशांना रोममध्ये मोठी संधी मिळाली आणि त्यांनी ती दवडली नाही.

बाई हसल्या नाहीत. चष्मा कपाळावर चढवून म्हणाल्या, "मतलब, तुमच्याकडे संधी म्हणजे काय?"

"चान्स, बाई. तुम्ही म्हणताय त्याला आम्ही तह म्हणतो."

"तह? तह तर साडीची करतात, घडी घालताना." त्यांनी शाळकरी मुलीसारखा शब्द वहीत उतरवून घेतला. "लढाईनंतर करतात तो? मग बरोबर आहे. लढून लढून दमलेच होते ते." चूक कुणाचीही असो, त्यांना आधी तिचं कुतूहल वाटायचं. तेव्हापासून त्या मला फार आवडू लागल्या.

राष्ट्रांच्या वरचा कायदा ही भानगड त्यांनी गल्लीतल्या पाण्याच्या टाकीवर समजावली. टाकी सहा घरांत एक, आणि सहाही घरांनी सह्या केलेला एक कागद. "समज, कागदात लिहिलंय, माणशी चार बादल्या. एका सासऱ्यांनी घरात नियम काढला, सुनेला दोनच. चालेल? नाही. कागद घरच्या नियमाच्या वर. आणि मजा ही, की सून स्वतः तो कागद सासऱ्यांपुढे धरू शकते. मध्ये कुणी लागत नाही."

"पण धरते का कुणी सून?" मी सहज विचारलं.

बाईंनी पुढ्यातलं पुस्तक उघडलं. मग त्यात खुणेला ठेवलेलं एक पत्र त्यांनी मला दाखवलं. बेल्जियमच्या एका विद्यापीठाने त्यांना सत्रभर शिकायला बोलावलं होतं, माझ्यासारखंच पाहुणी म्हणून. महिनाअखेरपर्यंत होकार कळवायचा होता आणि घरात सासऱ्यांना, म्हणजे बाबूजींना, अजून पत्ता नव्हता.

"यांना विचारलं, तर म्हणतात बाबूजींना विचार. आणि बाबूजी नाही म्हणतील. त्यापेक्षा पुस्तकात राहिलेलं बरं."

माझं सत्र संपलं. निरोपाचा नमस्कार करायला गेले, तर पुस्तक त्यांच्या हातात आणि पत्र पुस्तकातच. धीर करून म्हटलं, "बाई, कागद पुढे धरा."

"जा, गाडी चुकेल तुझी," त्या म्हणाल्या.

गाडीत मला त्यांचा राग आला होता. मला एवढं शिकवलं आणि स्वतः काहीच कशा शिकल्या नाहीत, असं वाटत राहिलं.

दिवाळीनंतर सांगलीला एक कार्ड आलं. तिकीट बेल्जियमचं, अक्षर बाईंचं.

"आधी बाबूजींशी तह केला, मग संधी घेतली. दोन्ही शब्द तपासून कळव."

दोन्ही बरोबर होते.