डावा बैल, उजवा बैल

मृगाच्या चार-सहा सरी पचवून बसलेली आमच्याकडची काळी माती पायाला जी बिलगते, तिच्या त्या गार, लोण्यासारख्या, सोडता न सुटणाऱ्या मिठीला त्रिभुवनात तोड नाही! समुद्रपूरला एस.टी.तून उतरून गावाकडे निघालेला मनुष्य पहिल्या फर्लांगात चपलेसकट दोन बोटं उंच होतो, दुसऱ्यात वीतभर, आणि शिवेवर पोचेपर्यंत इतका उन्नत होतो की स्वतःच्या घरात त्याला वाकून शिरावं लागतं. आमच्या गावातल्या एका ठेंगण्या नवरदेवाचं लग्न या मातीनंच जमवलं. मुलीकडची मंडळी परत गाडीत बसेपर्यंत त्याच्या आईनं त्याला पाय धुवू दिले नव्हते.

पण ही माती जितकी मायाळू तितकीच लहरी. फार ओली असली की पेरणीची तिफण गिळून बसते, वाळली की फाळाला दात दाखवते. या दोन रुसव्यांच्या मधोमध एखाददोन दिवस असे येतात की ती ना चिकटते ना फुटते, मुठीत घेतली तर मुकाट मोकळी होते. त्याला वाफसा म्हणतात. तेवढ्यात पेरलं तर पेरलं. मला पुष्कळदा वाटतं, माणसाच्या औदार्यालाही असाच वाफसा असतो का? एरवी ज्याचं मन दगड, तो कुठल्या तरी क्षणी मऊ होतो, आणि एरवी ज्याचं मन सदा ओलं, त्याच्यात नांगर घालायला जावं तर सगळा चिखलच! तो नेमका क्षण ओळखणारा शेतकरी मात्र विरळा.

आणीबाणी उठल्यानंतरची ती वर्षं. देशात राजकारणाला जो ऊत आला होता त्याची साय आमच्या गावच्या पारावर जमे. मी तेव्हा गावच्या शाळेत हंगामी मास्तर होतो, म्हणजे ज्ञान कायम आणि नोकरी तात्पुरती. त्या पारावर एकच प्रश्न रोज संध्याकाळी कापसासारखा पिंजला जाई: जुनं जपणारे स्वार्थी, की नवं आणणारे? परंपरेच्या झाडाखाली गरिबाला सावली अधिक, की क्रांतीच्या उन्हात त्याला ऊब अधिक? या प्रश्नाचे दोन पिढीजात पैलवान होते. एक महादेवराव, शेंडीपासून खडावांपर्यंत सनातन. चतुर्थीला केळझरच्या गणपतीला जाणारे, आणि दान हा धर्म आहे, कायदा नव्हे, असं सांगणारे. दुसरे नारायणभाऊ, वर्ध्याच्या कॉलेजात दोन वर्षं काढून खांद्यावर शबनम पिशवी आणि जिभेवर शोषितांचं दुःख घेऊन परतलेले, आणि दान म्हणजे अपमान, हक्क द्या, असं गर्जणारे. दोघं बोलायला लागले की पारावरचं पिंपळपान हलायचं थांबे. एकदा तर वाद इतका लांबला की ऐकणाऱ्यांपैकी एकाची दाढी वाढली, असं मी शपथेवर सांगायला तयार आहे.

आता नियतीची थट्टा पाहा! या दोन ध्रुवांची सावड होती. दोघांकडेही एकेकच बैल. एकाचा एक नि दुसऱ्याचा एक मिळून जोडी जुंपायची, आज तुझं वावर, उद्या माझं. त्यातही गंमत अशी की बैलाला एकदा बाजू लागली की ती जन्माची. उजव्या अंगाच्या बैलाला डावीकडे जुंपलं तर तो चुकून परक्याच्या स्वयंपाकघरात शिरल्यासारखा ओशाळून उभा राहतो. आणि महादेवरावांचा तांबड्या होता डावा, नारायणभाऊंचा पांढराशुभ्र चांद्या उजवा! वर्तमानपत्रांत डावे पक्ष, उजवे पक्ष हे शब्द आले तेव्हा गावानं ते बैलांवरूनच समजून घेतले. आपला बैल लाल तर होताच, आता डावाही जाहीर झाला, हे कळल्यावर महादेवरावांनी दोन दिवस त्याच्या पाठीवरून हात फिरवला नाही. दोघं मालक नांगरामागे चालतानाही भांडत, आणि त्यामुळे त्यांच्या वावरातलं तास, ती नांगराची रेघ, असं वळत जाई की केळझरच्या टेकडीवरून गणपतीला ते दिसलं आणि तो सोंडेआड हसला, असं म्हणतात. कोण म्हणतात? मीच म्हणतो.

दोघांच्या औदार्याची जातकुळी मात्र मी बारकाईनं न्याहाळली होती. महादेवराव देत ते ओळखीच्याला, आपल्या माणसाला, आणि घेणारा वाकलेला दिसला की अधिक देत. नारायणभाऊ देत ते अखिल मानवजातीला. आणि मानवजात काही दारात टोपली घेऊन उभी राहत नाही, त्यामुळे त्यांच्या कणगीला सहसा धक्का लागत नसे. बुद्धविहाराजवळच्या कौसल्याबाईच्या हातचं पाणी महादेवराव घेत नसत, हे सगळ्या गावाला ठाऊक. नारायणभाऊंनी तिच्याकडे एकदा चहा घेतला आणि त्या एका कपावर सहा भाषणं केली, हेही सगळ्या गावाला ठाऊक. कौसल्याबाईला दोन्ही ठाऊक होतं.

या कौसल्याबाईची मूठ म्हणजे गावाचं वैभव होतं. तिफणीच्या चाड्यात, त्या लाकडी वाटीत, चालता चालता बोटांच्या फटीतून बी सोडायचं असतं. मूठ फार आवळली तर वावरात टक्कल, फार सैल सोडली तर जंगल. तिच्या बोटांतून ज्वारीचा दाणा असा सुटे की उगवल्यावर चिमण्यांनी रांगेत उभं राहून दाणे वाटून घ्यावेत. बाईनं चाड्यावर मूठ धरण्याची रीत शास्त्रात नाही, असं महादेवराव वर्षभर सांगत आणि पेरणीच्या आदल्या दिवशी तिलाच निरोप धाडत.

त्या साली मात्र तिच्यावरच पाळी आली. तिच्या जोडीतला एक बैल उन्हाळ्यात मेला. दुसरा इतका म्हातारा की बाभळीखाली बसून निव्वळ पेन्शन खात होता. चार एकर वावर, वर्षाची भाकरी तेवढ्यावर. नवरा उत्तम हिंगणघाटला कामाला, त्याला मोठ्या मिनतवारीनं दोन दिवसांची सुट्टी मिळालेली. आणि वाफसा नेमका त्याच दोन दिवसांचा! गावातल्या सगळ्या जोड्या आपापल्या वावरात गुंतलेल्या. मोकळी काय ती सावडीची जोडी, कारण आधी कोणाचं पेरायचं यावर तिच्या मालकांचं अद्याप एकमत व्हायचं होतं.

पहाटे ती महादेवरावांकडे गेली. ते गहिवरले. तांबड्या तिचाच समजावा, मागणाऱ्याला विन्मुख पाठवणं आपल्या कुळात नाही, म्हणाले. फक्त एकट्या बैलानं तिफण चालत नाही, तेव्हा तिनं नारायणला विचारावं. ती नारायणभाऊंकडे गेली. ते तर पेटलेच. चांद्या आपला नाही, समाजाचा आहे, म्हणाले; पण त्या म्हाताऱ्यानं तांबड्या सोडला तर ना! ती पुन्हा महादेवरावांकडे. ते आणखी उदार झाले. पुन्हा नारायणभाऊंकडे. तेही वाढले. शाळेच्या ओट्यावरून तिच्या खेपा मोजता मोजता माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला: अरे, अर्धी जोडी दान करण्याइतकं स्वस्त पुण्य दुसरं कुठलं! दुसऱ्यानं नकार दिला की आपलं औदार्यही अबाधित आणि आपला बैलही. दोन माणसं आपापलं सर्वस्व देऊन बसली होती, आणि घेणारीच्या हातात दावंसुद्धा नव्हतं. मी काय दिलं, विचाराल तर मी सहानुभूती दिली. ती माझ्याकडे मुबलक होती.

सकाळचं ऊन चढत होतं. माती बोटांत मोकळी होत होती, आणि उद्या संध्याकाळनंतर ती तशी राहणार नव्हती. उत्तम तिफण खांद्यावर घेऊन धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, नुसता उभा होता.

तेव्हा कौसल्याबाई पारावर आली. तिथे दोघं पैलवान भिडलेलेच होते, विषय अर्थातच तिचा. गरिबाचा कैवार कोणाला अधिक, यावर गावासमोर फैसला चालला होता. ती खाली एका कडेला बसली आणि ऐकत राहिली. वाद चढत चढत त्या टोकाला गेला जिथे माणूस स्वतःच्याच आवाजावर भाळतो. महादेवराव म्हणाले, तांबड्या या क्षणी दिला, गाव साक्षी. नारायणभाऊ म्हणाले, चांद्या त्याच्याही आधीच्या क्षणी दिला होता. बस! हाच तो वाफसा. बाई उठली, पदराखालून दोन कासरे काढले.

"दोघायनंही देल्ला न?" तिनं विचारलं. "मंग मी नेऊन राह्यली."

दोघांनी एकमेकांकडे असं पाहिलं, जसं आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं: संपूर्ण सहमतीनं. पण गाव साक्षी होतं, आणि शब्द तोंडातून गेले होते. तिनं दोन्ही गोठ्यांतून दोन्ही बैल सोडले, डावा डावीकडे, उजवा उजवीकडे, आणि निघाली. तिच्या अंगणातून जाताना तांबड्या बादलीला तोंड लावून घटाघट पाणी प्याला. महादेवरावांनी ते पाहिलं आणि आकाशाकडे पाहिलं.

दोन दिवसांत चार एकर पेरून झाले. दुसऱ्या दिवशी मावळतीला बैल धुऊन, पोटभर चारून परत आले, उत्तम शेवटच्या गाडीनं हिंगणघाटला गेला, आणि तिसऱ्या दिवशी जो पाऊस लागला तो आठ दिवस हटला नाही. कौसल्याबाईचं वावर हिरवं झालं; त्या दोघांची काळीच राहिली. गावानं मात्र त्यांना डोक्यावर घेतलं. ज्यानं त्यानं येऊन म्हणावं, काय हो तुमचं मन, स्वतःचं ठेवून दुसऱ्याचं पेरलं! सुरुवातीला दोघं कसनुसं हसत. चौथ्या दिवशी त्यांना ते आवडू लागलं. सहाव्या दिवशी त्यांना खात्री पटली की आपण मुळात असेच आहोत. मनुष्यस्वभावाचं हे केवढं आश्चर्य! चांगुलपणा अंगावर ढकलला गेला तरी काही दिवसांनी तो अंगचाच वाटू लागतो.

अकराव्या दिवशी उघडलं, चार दिवस ऊन पडल्यावर वाफसा आला, आणि कौसल्याबाई न बोलावता मूठ धरायला हजर झाली. जोडी तयार, बी तयार, आणि पश्चिमेला ढगांची नवी फळी. आधी कोणाचं पेरायचं? आणि काय सांगू, जे दोघं आजवर 'माझं आधी' म्हणून भांडले, ते 'त्याचं आधी' म्हणून भांडू लागले! महादेवराव म्हणत, माझं राहू दे, धर्म आहे. नारायणभाऊ म्हणत, माझं राहू दे, तत्त्व आहे. कोणी तसूभर मागे हटेना. ढग मात्र पुढे सरकत होते. तिनं दोन्ही बाजू नीट ऐकून घेतल्या.

"मन मोठं हाय तुमचं दोघायचं," ती म्हणाली, "पण वाफसा लहान हाय. आणखी एक दिवस असेच दानशूर राह्यले, तं दोनी वावरं पडीत राह्यतीन."

आणि तिनं जोडी हाकली ती रस्त्याला जे वावर जवळ होतं त्यात. ते कोणाचं, हे मी सांगणार नाही. सांगितलं तर त्याच्या पक्षाचे लोक माझ्याकडे पेढे घेऊन येतील. इतकंच सांगतो की ज्याचं ते वावर नव्हतं तोच बियाण्याचं पोतं खांद्यावर टाकून सगळ्यांत पुढे धावला, कारण तिथलं लवकर उरकलं तरच ढगाआधी त्याची पाळी लागणार होती. आता याला स्वार्थ म्हणावं की औदार्य? पुरोगामी म्हणावं की सनातनी? दुसऱ्याचं लवकर व्हावं म्हणजे आपलं होईल, या धावपळीला मनुष्यजातीनं अजून नीटसं नाव का बरं दिलं नसावं? मी धुऱ्यावर उभा राहून या गहन प्रश्नात बुडालो होतो. तेवढ्यात, फणांत गेल्या पिकाची धसकटं अडकलेली कौसल्याबाईची तिफण तास संपवून माझ्यापाशी वळली.

"मास्तर, उभे काऊन राह्यले?" ती म्हणाली. "धसकटं येचा."

मी वेचली.