कुमाने दिलेला शब्द

नर्स विदोसावाला वॉर्डात सगळे विदा म्हणत. तोंडाने फटकळ, पण खाटेजवळचं काम म्हणजे तिचा जीव की प्राण. मुख्य नर्स रुझित्सा ही तिची कुमा. आमच्या सर्बियात कुमा म्हणजे काही साधीसुधी मैत्रीण नव्हे. विदाच्या लग्नात साक्षीला हीच उभी राहिली, लेकीला बाप्तिस्म्याच्या वेळी हिनेच हातांवर घेतलं. सख्ख्या बहिणीशी एकवेळ अबोला धरतील लोक, पण कुमाशी नाही.

त्या दिवशी मोठ्या सर्जनांकडे, डॉक्टर ओस्तोयिचांकडे स्लावा होता, त्यांच्या घराण्याच्या संताचा सण. स्लावाला कोणी बोलावत नाही, आपणहून जायचं असतं. नाही गेलात तर मग बघा! त्यामुळे भर दुपारी अर्धं हॉस्पिटल साहेबांच्या टेबलाशी आणि वॉर्डात एकटी विदा.

सकाळीच पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या स्तामेनाबाई सारख्या तळमळायला लागल्या. "पोरी, खिडकी उघड गं. पाणी दे." हात गार पडलेले, नाडी धावत होती. रक्तदाब मात्र ठीक आणि पोटातल्या नळीला लावलेली बाटली कोरडी ठणठणीत. विदाला ती कोरडी बाटलीच खटकली. ऑपरेशननंतर थोडंफार तरी यायला हवं होतं; नळीच तुंबली असेल तर आतलं रक्त बाहेर दिसणार कसं? तिने साहेबांच्या घरी फोन लावला. मागून ग्लासांचा आवाज येत होता.

"प्रेशर चांगलं आहे ना? मग दुखण्याचं इंजेक्शन दे. पाहुणे उठले की येतो."

इंजेक्शनने बाई गप्प पडल्या असत्या आणि आत काय चाललंय ते कोणालाच कळलं नसतं. विदाने ते दिलं नाही. तेवढ्यात रुझित्सा आली, नटूनथटून, स्लावाला निघालेली.

"कुमा, जरा बघ गं हिला. मला आत रक्तस्राव वाटतोय. की मीच उगाच घाबरतेय?"

रुझित्साने बाईंच्या पोटावर हात ठेवला आणि तिचा चेहराच उतरला. "उगाच कसलं! ताठ झालंय पोट. थिएटरला फोन कर. साहेबांनी तयारी करायला सांगितलंय म्हण."

"अगं, त्यांनी कुठे सांगितलंय?"

"मी जाऊन घेऊनच येते त्यांना. काही झालं तर मी आहे ना!"

विदाने फोन केला. बाईंना थिएटरात नेलं. साहेब आले खरे, पण रुझित्साने आणलं म्हणून नव्हे; ती तिथे पोचूनही काही बोलली नव्हती. भूलतज्ज्ञाने घरी फोन करून विचारलं तेव्हा "कसला हुकूम? मी कधी दिला?" म्हणत ते लालबुंद होऊन धावले. पोट उघडलं तर आत रक्तच रक्त. त्यांनी ते थांबवलं आणि बाई वाचल्या.

दुसऱ्या दिवशी दोघींना केबिनमध्ये बोलावणं आलं. "माझ्या नावाने खोटा हुकूम सोडायला तुला कोणी सांगितलं?" साहेबांनी विचारलं. विदा अगदी निर्धास्त होती. आता कुमा बोलेल, एवढंच तिच्या मनात.

"मला काहीच माहीत नाही, साहेब," रुझित्सा म्हणाली. "मी तर तुमच्याच घरी होते. त्या बाईंना मी पाहिलंसुद्धा नाही."

साहेबांनी शिक्षा एकट्या विदाला केली. तिला तळघरात पाठवलं, उपकरणं धुऊन उकळायला. खाट नाही, रुग्ण नाही. केबिनमधून बाहेर पडल्यावर रुझित्साने तिचा दंड धरला. "समजून घे गं. दोघी बुडण्यापेक्षा एक बुडालेली बरी."

"आणि ती एक कोण, ते तूच ठरवलंस होय?" विदाने हात झटकून टाकला.

स्तामेनाबाई घरी जायच्या दिवशी विदा उपकरणांचे डबे पोचवायला वर आली. बाईंचा मुलगा घरच्या आलुबुखाराच्या दारूची बाटली घेऊन दारात उभा होता. "आमच्या आईला कोणी वाचवलं, तेवढं सांगा."

"अहो, मी स्वतः पोटाला हात लावला आणि ओळखलं," रुझित्सा सांगत होती. "म्हटलं, आता क्षणभरही थांबायचं नाही."

त्याने डोळे पुसत तिचे दोन्ही हात धरले. मग त्याची नजर विदाकडे गेली. "आणि या?"

रुझित्सा जराशी चाचरली. "ही विदा. खाली असते. उपकरणं धुते आमची."

केबिनमधलं खोटं विदाने कसंबसं गिळलं होतं. घाबरली असेल बिचारी, अशी मनाची समजूतही घातली होती. पण आजचं हे खरं बोलणं तिच्या काळजात घुसलं. तिने डबे जागेवर ठेवले आणि ती जिना उतरून कामाला गेली.