नवसाचा गुडघा

आईचा डावा गुडघा मी माझ्या नोटीस पीरियडमध्ये बदलून घेतला. आज हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा मला स्वतःच्या हुशारीचं कौतुकच होतं. हडपसरच्या आयटी पार्कमधल्या ज्या कंपनीचा मी राजीनामा दिला होता, तिच्या विम्यात आईवडील धरलेले होते. नव्या कंपनीत ते नव्हते. शिवाय आमच्या टीममध्ये त्या वर्षी गुडघ्यांची साथच आली होती. कुणाची सासू, कुणाचे वडील. चहाला उभं राहिलं की कुठल्या डॉक्टरांकडे केलं याच्याच गप्पा. घरी येऊन मी ते सांगायचे तेव्हा आई म्हणायची, "तुझ्या हापिसातल्या समद्यांच्याच आया लंगड्या हायेत व्हय गं?"

आई हडपसरचीच, शेतकऱ्याची लेक आणि शेतकऱ्याची सून. वावरं जाऊन तिथे इमारती उठल्या, वडीलही गेले, आणि आम्ही दोघी तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. तिने अजून साठी गाठली नव्हती. गुडघे दुखायचे, जिना उतरताना ती कठडा धरायची, पण भाजी आणायची, देवळात जायची. तिचं काही अडलेलं नव्हतं. घाई मला होती.

हाडांचे डॉक्टर सरळ माणूस. एक्स-रे बघून म्हणाले, "यांचं वय कमी आहे. बसवलेला सांधासुद्धा झिजतो, सैल होतो. पुन्हा उघडायची वेळ आली तर ते काम पहिल्याइतकं सोपं नसतं. हाड कमी उरतं, जंतू शिरायचा धोका वाढतो. आधी वजन उतरवू, व्यायाम करून बघू. एवढी घाई कशाची?"

घाई कशाची ते मी सांगितलं नाही. दुखण्याने झोप लागत नाही, दोन पावलं टाकवत नाहीत, असं मीच आईच्या वतीने सांगत राहिले. आई माझ्याकडे बघत होती. परक्या माणसासमोर लेकीला खोटं पाडायचं नाही म्हणून ती गप्प बसली.

ऑपरेशनच्या दिवशी मात्र माझी गाळण उडाली. तिला आत नेलं आणि मी गावातल्या देवीला नवस बोलून बसले: आईला नीट चालू दे, ती नवरात्रात नऊ दिवस अनवाणी तुझ्या दर्शनाला येईल. नवस माझा, पाय तिचे. आमच्यात असंच बोलतात. ज्याच्यासाठी बोललं त्यानेच बरं झाल्यावर फेडायचं. त्यात काही वावगं आहे असं मला वाटलंच नाही.

ऑपरेशन छान झालं. आई चालायला लागली, सोसायटीत कौतुक झालं, आणखी दोघींनी डॉक्टरांचा नंबर मागितला. मग नवरात्र आलं. पहिल्या माळेला रस्त्यावरची खडी बघून मीच म्हणाले, "आई, चप्पल घाल. देवी काही रागवायची नाही."

"देवीशी बी खोटं बोलायचं व्हय? डाक्तरशी बोललीस त्येवढं पुरं झालं."

ती गेली. उड्डाणपुलाखालून, काचा आणि सांडपाणी तुडवत, रोज. सहाव्या माळेला तिच्या टाचेत काच घुसली. तिने ती स्वतःच उपसली, हळद दाबली, फडकं बांधलं आणि मला सांगितलं नाही. नवस पुरा होईपर्यंत दुखणं बोलायचं नसतं. घरी परतल्यावर पायांची काळजी घ्या, लहानशी जखमही अंगावर काढू नका, असं हॉस्पिटलच्या कागदावर छापलेलं होतं. तो कागद मी फाइलला लावून टाकला होता. आईला वाचून दाखवला नव्हता.

दसऱ्यानंतर गुडघा गरम लागायला लागला. "चालून चालून तापला आसंल," आई म्हणाली, आणि मला ते पटलं. नव्या नोकरीत मला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. थंडी वाजून ताप भरला तेव्हा कुठे आम्ही डॉक्टरांकडे गेलो. टाचेतले जंतू रक्तातून सांध्यात जाऊन बसले होते.

सांधा काढावा लागला. मध्ये औषध घातलेला सिमेंटचा ठोकळा ठेवला आणि काही आठवड्यांनी पुन्हा उघडून नवा सांधा बसवला. तेवढे दिवस आईचा तो पाय जमिनीला लागला नाही. या खेपेला मी देवीला काहीच बोलले नाही. मला तिची भीती वाटत होती.

घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "आता परत जंतू शिरले तर तिसरा सांधा बसेलच असं सांगता येणार नाही. मग पाय वाचतो का, एवढंच बघायचं."

हे मी आईला सांगितलं नाही, पण तिला ते कळलं असावं. त्यानंतर तिने हॉस्पिटलचं नाव काढलं नाही. मी रोज संध्याकाळी तिच्या दोन्ही गुडघ्यांवर एकेक हात ठेवते. दोन्ही सारखे लागले की जेवायला बसते.

काल डावा गरम लागला.

"उन्हात बसले व्हते जरा," आई म्हणाली आणि पातळ खाली ओढून घेतलं.

काल दिवसभर आभाळ भरलेलं होतं.