विमानातलं मांजर

विमानांच्या सुरुवातीच्या काळात एकटीनं महासागर ओलांडणाऱ्या एका वैमानिक बाईंवर मी लेख लिहिला आणि कच्चा खर्डा आमच्या सरांना वाचायला दिला. त्यांनी तो सरळ स्वतःच्या नावानं छापला. मी गप्प बसले, पण विसरले नाही.

यंदा कोल्हापुरात त्याच विषयावर त्यांचं व्याख्यान होतं. बाईंसोबत विमानात एक मांजर होतं, असं ते रंगवून सांगू लागले, तशी मी उठले.

"सर, मांजराचं कुठं वाचलंत?"

"जुन्या वर्तमानपत्रांत."

"न्हाय सर. ते आमच्या हुपरीच्या घरातलं मांजर हाय. तुम्हाला वाचायला दिलेल्या माझ्या खर्ड्यात गंमत म्हणून मीच त्याला विमानात बसवलं."

सभागृह हसत सुटलं. सरांचा उतरलेला चेहरा मी उभ्यानंच, पोटभर पाहून घेतला.