उतारावरचे मुक्काम

दिवाळीचे पाहुणे गेले आणि मला घरात बसवेना. मेंढरं विकून बरीच वर्षं झाली, तरी या दिवसांत पाय मावळतीकडं ओढतात. पूर्वी वडूजकडच्या रानातला चारा संपला की आम्ही कळप घेऊन घाट उतरून कोकणात जायचो. म्हणून मनात घेतलं, बायकोला मागं बसवून मोटारसायकलवर कुंभार्ली घाट गाठायचा आणि अंधार पडायच्या आत घरी यायचं.

बायको म्हणाली, "त्यो घाट म्या निस्ता पायानं बघितलाय. बिऱ्हाडाचं घोडं सांभाळायचं का डोंगर बघायचा? आता बसून बघीन."

हे ऐकल्यावर माघार घेणं माझ्याच्यानं होणार नव्हतं.

माझी शाळा चौथीपर्यंत. नकाशा मला लागत नाही. पुसेसावळी, कराड, मल्हारपेठ, पाटण, हेळवाक, सगळे मुक्काम पाठ. कुठल्या ओढ्याला पाणी, दुपारी कुठल्या झाडांखाली कळप बसायचा, त्या अंदाजानं मी दिवस बसवत होतो. पुण्यात नोकरी करणारा मुलगा सुट्टीवर आला होता. त्याला हसू आवरेना.

"आबा, गाडी वढ्याचं पाणी पित न्हाई. ह्या हिशोबानं पुढली दिवाळी पाटणातच."

"तू तुज्या फोनात बघ. मी माज्या डोक्यात बघतो."

मग तो मुद्द्यावर आला. तुमचा गुडघा धड नाही, माझ्या मोटारीनं जाऊ, मी चालवतो म्हणाला. मी ऐकेना, तशी त्यानं अट घातली. आधी त्याला मागं घेऊन वडूजला जाऊन यायचं. जमलं तर रविवारी आम्ही दोघं गाडीवर, नाहीतर मोटार.

माझी गाडी जुनी, बटणावर चालू होणारी नव्हे. निघताना त्यानंच किक मारली, मीही मारू दिली. जाणं झकास झालं. येताना समोरून कळप आला. आमच्यात कळपापुढं हॉर्न वाजवत नाहीत, गाडीसुद्धा बंद करून कडेला उभं राहतात. एक मेंढरू बिचकलं की सगळी शेजारच्या पिकात घुसतात आणि शिव्या मेंढक्याला बसतात. मी सवयीनं गाडी बंद केली. कळप गेला. किक मारली तर गुडघ्यातून अशी कळ आली की पाय परत उचलेना. दात खाऊन आणखी मारली. गाडी ढिम्म.

मुलगा खाली उतरून बघत होता. "घाटात कोन मारनार किक? आई?"

"घाटात थांबनारच न्हाई."

"मग बघनार काय?"

मी हँडल त्याच्या हातात दिलं. किक त्यानंच मारली.

पुढचे दिवस मी ओट्यावरून गोठ्यात आणि गोठ्यातून गाडीपाशी अशा येरझाऱ्या घातल्या. जेवण गोड लागेना. एकदा गाडी अंगणातून रस्त्याकडं ढकलली, ती उतारानं आपोआप पळाली. गिअर टाकून क्लच सोडला आणि चालू झाली. मग ओढे आणि झाडं सोडून दिली आणि सगळे मुक्काम नव्यानं उतारावर नेले. थांबलो की गाडीचं तोंड उताराकडं. घाटात उताराला काय तोटा? अडचण सपाटीची. कराडात चहा प्यायचा तर गाडी चालू ठेवूनच.

"चालू गाडीवर बसून च्या?" बायको म्हणाली. "मी काय वरातीतली नवरी हाय का?"

"मग बिनच्याची चल."

"चलीन की."

मुलानं सगळं ऐकून घेतलं. "आन् पंपावर? तितं बंद करावीच लागती."

"टाकी आदल्या दिशी भरायची."

तो ओट्यावरून उठला. "मी मोटार घिऊन मागनं येतो. एवढं तरी ऐका."

"लांबनं ये," मी म्हणालो.

रविवारी उजाडायच्या आधीच मी गाडीवर बसलो. बायको डोक्याला मफलर बांधून मागं बसली. अंगणाचा उतार एकट्याला पुरला होता, दोघांना पुरेना. गाडी दोन हात सरकली आणि थांबली. पायानं रेटली, तरी हलेना. मागं मुलाची पावलं वाजली आणि कॅरिअरवर हात पडला.

"हात काढ," मी म्हणालो.

बायको कानाशी वाकली. "आवं, ढकलू द्या की. त्याला बी कायतरी करू द्या."

हँडल सरळ धरलं आणि ब्रेकवरचा पाय काढला.