एकेचाळीस सेकंदांचा तारपा

आधीच सांगून टाकतो — आमच्या घरात भुताला कुणी चहासुद्धा विचारत नाही. वडील सरकारी कारकून, आई शाळेत शिक्षिका आणि मी आयटीआय केलेला इलेक्ट्रॉनिक्सवाला. आवाज आला म्हणजे कुठेतरी वायर आहे, आणि नको तिथून आला तर लूज कॉन्टॅक्ट आहे, एवढंच माझं तत्त्वज्ञान. इथले भुताखेतांचे अनुभव मी जेवताना वाचतो आणि मनापासून हसतो. आता तुम्ही माझ्यावर हसा, म्हणजे फिटंफाट.

जव्हारला एसटी डेपोपासून चालत दोन मिनिटांवर माझं दुरुस्तीचं दुकान आहे. मोबाइल, अॅम्प्लिफायर, मिक्सर — चटणीचा आणि डीजेचा दोन्ही — सगळं उघडतो. पण जीव अडकलाय हेडफोनमध्ये. आमच्या भागात आता पाड्यापाड्यावर डीजे झालेत आणि प्रत्येकजण येऊन एकच म्हणतो, "दादा, बेस दणकून पायजे." मग मी अर्धा तास डोकं खातो. अरे बाबा, लग्नात वाजवायला बंद कपाचा घे, म्हणजे बाहेरचा गोंगाट आत येणार नाही. एक कप फिरणारा असू दे, कारण तुम्ही लोक एकाच कानाला लावता. वायर निघणारी असू दे, कारण ती तुम्ही तोडणारच. आणि घरी बसून गाणं बनवायचं असेल तर वेगळा घे, साध्या आवाजाचा. दणकून बेस देणारा हेडफोन तुमची खुशामत करतो. त्याच्यावर भरोसा ठेवून गाणं बनवलं की मोठ्या स्पीकरवर त्याचं पिठलं होतं!

ऐकतात सगळे. घेतात मात्र लाइट लागणाराच.

रमेश त्यातला नव्हता. मोखाडा तालुक्यात पोशेऱ्याच्या बाजूला त्याचा पाडा आहे. वारली पोरगा, वय पंचवीसेक, डीजे म्हणून चांगलं नाव. त्याने साधा, सरळ आवाजाचा हेडफोन घेतला होता आणि तीन वर्षं मायेने वापरला होता. कानाची गादी फाटली तेव्हा त्याच्या बहिणीने, सुरेखाने (घरच्यांची सुरी), जुन्या साडीचा तुकडा लावून ती शिवून दिली होती. मागच्या थंडीत तो हेडफोन माझ्याकडे आला. डावा कान बंद.

"दादा, लवकर करून द्या. सुरीचं लगीन हाय चैतात. तारप्याचा ट्रॅक बनवायचाय."

तारपा म्हणजे दुधी भोपळ्याचं, बांबूच्या नळ्यांचं आणि ताडाच्या पानांच्या कर्ण्याचं आमच्याकडचं वाद्य. वाजवणारा मध्ये, नाचणारे हातात हात घालून त्याच्याभोवती. पुढचा माणूस घुंगरांची काठी आपटत ठेका देतो. मी म्हटलं, "तुझे वडीलच तारपावाले ना? त्यांचाच रेकॉर्ड कर की."

रमेशचा चेहरा उतरला. त्याचे वडील रावजीबाबा, आजूबाजूच्या दहा पाड्यांत त्यांच्यासारखा तारपा कुणाचा नाही. तारप्यात श्वास तोडायचा नसतो. गाल फुगवून वारा सोडत राहायचं आणि त्याच वेळी नाकाने आत घ्यायचा. मध्ये वारा तुटला की नाचणारे हात सोडतात. हात सुटले की नाच मोडला, अशी रीत आहे. बाबांना टीबी झाला होता. औषधाचा कोर्स पुरा झाला, डॉक्टर म्हणाले छाती साफ आहे. पण आजारपणानंतर एका लग्नात त्यांचा वारा मध्येच तुटला. लोकांनी रीतीप्रमाणे हात सोडले. बाबांनी तारपा घरी नेऊन माळ्यावर टाकला, तो उंदरांनी खाल्ला आणि त्यांनी पुन्हा बनवला नाही.

"सुरी म्हणते, बाबा वाजवणार नसंल तर मी माझ्या लग्नात नाचणार नाय," रमेश म्हणाला. "बाबा म्हणतो, दम नाय. दोघं बी हट्टी. मी मधी मेलो."

म्हणून तो बिचारा मोबाइलवरच्या कुणाच्या तरी तारप्याचे तुकडे जोडून ट्रॅक बनवत होता, निदान बहिणीला काहीतरी ऐकवता यावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास मी काम हातात घेतलं. दोष नेहमीचाच — वायर कपात शिरते तिथे आतून तुटलेली. तेवढा भाग कापला, सोल्डरचा नवीन टाका मारला आणि दोन्ही कान तपासायला जुन्या कॉम्प्युटरला लावला. आता इथे माझा गाढवपणा ऐका. मागे दोन सॉकेट असतात, हिरवं हेडफोनचं आणि गुलाबी माइकचं. मी न बघता गुलाबीत खुपसला. त्याआधी एका गिऱ्हाइकाचा माइक तपासला होता, त्यामुळे आवाज मिळाला की आपोआप सुरू होणारा रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅमही उघडाच राहिला होता. टेस्टचा आवाज येईना म्हणून मी टाक्याला शिव्या घालत होतो, तेवढ्यात स्क्रीनवर रेघ नाचताना दिसली.

जाणकार म्हणतील, त्यात काय नवल? खरंय. हेडफोन उलटा लावला की माइकसारखं काम करतो. म्हणजे त्यात काय यायला हवं होतं? समोरच्या रसवंतीचा चरक, डेपोतला हॉर्न आणि माझ्या शिव्या.

मी रेकॉर्डिंग थांबवलं आणि स्पीकरवर लावून पाहिलं. एकेचाळीस सेकंद. हॉर्न नाही, चरक नाही, मी नाही. तारपा होता...

स्वच्छ, जवळून, मोकळ्या हवेत वाजणारा. पावलांचा आवाज, घुंगरांची काठी, एक बकरी ओरडते, एक बाई खळखळून हसते. एकोणतिसाव्या सेकंदाला तारपा तुटतो. नुसती काठी वाजत राहते, हळू. मग एका मुलीचा आवाज — "बाबा, दम खा. आमी हाव इथंच." पुन्हा काठी. मग तारपा परत लागतो, आणि तिथेच फाइल संपते.

घाबरलो का? खरं सांगू, नाही. इतकं गोड होतं ते की मी सहा वेळा ऐकलं. मग मात्र माझ्यातला मेकॅनिक जागा झाला. ब्लूटूथ? त्या कॉम्प्युटरला नाहीच. नेट? बंद होतं. रेडिओ पकडला असेल म्हणून हेडफोन सॉकेटमधून काढून परत लावला, टाका हलवला, पुन्हा रेकॉर्ड केलं. आता निमूटपणे रसवंतीचा चरक आला.

बाजाराच्या दिवशी रमेश हेडफोन न्यायला आला. सोबत रावजीबाबा होते, दवाखान्यात छाती दाखवून आलेले. बारीक, ताठ म्हातारा, डोक्याला टॉवेल. मला वाटलं रमेशनेच काहीतरी खोडी केली असणार, म्हणून त्याला काही न सांगता फाइल लावली आणि हेडफोन त्याच्या कानाला दिला. मुलीचा आवाज आला तसा त्याचा रंग बदलला.

"दादा, ही सुरी हाय. हे कवा केलंत तुमी?"

"तूच सांग कधी केलंस ते!"

त्याने आईची शप्पथ घेतली. मग त्याने हेडफोन काढून बापाच्या डोक्यावर चढवला. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा हेडफोन लावला असेल, दोन्ही हातांनी कप धरून उभे राहिले. एकेचाळीस सेकंद झाले. म्हणाले, "परत लाव." परत लावली. मग खाली स्टुलावर बसले.

"वाजिवतोय मी," ते म्हणाले. "पन हा तारपा माझा नाय. माझ्या तारप्याचा आवाज भरडा व्हता. ह्याचं मेण बी अजून वलं हाय."

मी म्हटलं, "बाबा, जुना कुठला तरी असेल, आठवत नसेल तुम्हाला."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. आईला स्वतःचं पोर ओळखता येत नसेल, असं म्हणाल का तुम्ही? त्यांनी तिसऱ्यांदा ऐकलं आणि या वेळी तारपा तुटला तिथे बोट वर केलं.

"काठी ऐक. काठी थांबली नाय." त्यांचा आवाज बदलला होता. "हात सोडले असते, तर काठी थांबली असती. भाऊ, त्यांनी हात सोडला नाय."

मग तो माणूस माझ्या दुकानात, मोबाइलच्या फुटक्या डिस्प्लेंच्या ढिगाशेजारी बसून रडला, आणि रडता रडता हसायला लागला. रमेशला म्हणाला, "चल घरला. भोपळा बियाला टांगून ठेवलाय तो उतरव." आणि दाराशी थांबून आम्हा दोघांना दम भरला, "सुरीला ह्यातलं एक अक्षर सांगाचं नाय."

चैत्रात मला आमंत्रण आलं. मी मोटरसायकलवर रेकॉर्डर आणि दोन माइक बांधून गेलो. पाड्यावर पोचलो तेव्हा हळद लागलेली सुरेखा मंडपाच्या दाराशी उभी राहून रमेशला झापत होती, "बॉक्स मोठा आणलास ते आणलास, माझी गाय बिथरली!" मला बघून म्हणाली, "या दादा. ह्याला वाईच अक्कल द्या, दुरुस्तीच करता ना तुमी?"

चार वाजता ऊन जरा उतरलं. रावजीबाबा आतून नवा तारपा घेऊन आले. भोपळ्याला मेण लावलेलं, अजून चिकट. बाबांनी घरात तारपा बनवलाय हे सुरेखाला माहीत होतं, पण ते वाजवतील यावर तिचा भरोसा नव्हता. ती करवलीचा हात धरून रिंगणात जाऊन उभी राहिली.

मी माइक जवळ लावला, रमेशचाच हेडफोन घातला आणि रेकॉर्ड दाबलं. बाबांनी सुरुवात केली. पहिल्याच फुंकेला मला ओळख पटली, तोच आवाज! मग बकरी ओरडली. मग मागे एक बाई हसली. मी हातातल्या रेकॉर्डरवर सेकंद बघत होतो. सव्वीस... सत्तावीस... देवाधर्माशी माझं फारसं जमत नाही, पण त्या क्षणी मी म्हणत होतो, नको तुटू दे, फाइल खोटी ठरू दे.

एकोणतिसाव्या सेकंदाला वारा तुटला.

मुद्दाम तोडला असेल म्हणणाऱ्यांनी बाबांचं तोंड बघायला हवं होतं. तसं तोंड कुणाला मुद्दाम करता येत नाही. रिंगणातल्या दोघातिघांचे हात रीतीने सैल पडायला लागले, ते मी पाहिलं. सुरेखाने मात्र दोन्ही बाजूंचे हात गच्च आवळले आणि काठीवाल्याकडे बघून मान हलवली. काठी हळू वाजत राहिली.

"बाबा, दम खा," ती म्हणाली. "आमी हाव इथंच."

रमेश कन्सोलमागे तोंडावर हात धरून उभा होता. बाबांनी दोनदा छाती भरली, तारपा तोंडाला लावला आणि तो लागला. एकोणचाळीस, चाळीस, एकेचाळीस.

माझ्याकडची फाइल इथे संपली होती. बाबा थांबले नाहीत! बेचाळीस, त्रेचाळीस, एक मिनिट, दहा मिनिटं... पुढे काय होणार हे आता माझ्यासकट कुणालाच माहीत नव्हतं. मी हेडफोन काढून रमेशच्या टेबलावर ठेवला आणि रिंगणात घुसलो. माझी पावलं इतकी चुकत होती की नवरी हसून हसून लाल झाली. अंधार पडेपर्यंत नाचलो. रमेशचा मोठा स्पीकर-बॉक्स त्यानंतर कुणी चालू केलाच नाही आणि तो सगळ्यांत जास्त खूश होता.

दुकानात आल्यावर मी दोन्ही फाइली कॉम्प्युटरवर एकाखाली एक लावल्या. एकेचाळीस सेकंदांपर्यंत रेघन् रेघ एकच आहे. बकरी तिथेच, हसणारी बाई तिथेच. पहिली फाइल थंडीतली आहे, तेव्हा तो भोपळा त्यांच्या घरात बियांसकट टांगलेला होता. सुरेखाने ती फाइल ऐकली नव्हती, ऐकवली तेव्हा "मी इतकी किरकिरी बोलते?" एवढंच तिने विचारलं. ठाण्याच्या एका साउंडवाल्या मित्राने दोन दिवस डोकं फोडून सांगितलं की तू मला बनवतोयस. तो हेडफोन रमेशकडून मागून आणून मी आणखी पन्नास वेळा गुलाबी सॉकेटला लावला असेल. चरक येतो, बाकी काही नाही. याचं उत्तर कुणाकडे असेल तर खाली जरूर लिहा.

रावजीबाबांना आता लग्नाच्या इतक्या सुपाऱ्या येतात की भेट होत नाही. परवा एसटी स्टँडवर गाठ पडली, तारपा फडक्यात गुंडाळून निघाले होते. मी पुन्हा तोच प्रश्न विचारला... हे झालं कसं?

"त्यात इचाराचं काय, भाऊ?" ते म्हणाले. "वाजिवलं मी, ऐकलंस तू. तू जरा आधी ऐकलंस, म्हनून तर मी वाजिवलं."