ॲटलसची रंगीत तालीम

निवृत्त झाल्यावर ह्यांनी जाहीर केलं, की मोरोक्कोच्या ॲटलस पर्वतात सायकलने हिंडायचं; स्वस्तात, तंबूत राहून. मी म्हटलं, "तुम्ही एकटेच जा." काल खिडकीतून पाहिलं, तर सायकलला तांदळाच्या पिशव्या लटकवून हे आमच्या इमारतीच्या पार्किंगचा रॅम्प चढत होते. निम्म्यावर दम लागला. इकडेतिकडे बघत हळूच उतरले आणि सायकल ढकलायला लागले. डोंगर काय, माणसाला कुठेही भेटतो. सायकल ढकलताना आपल्याला कुणी पाहू नये, एवढंच माणसाचं मागणं असतं. मला राहवेना. खाली जाऊन मी मागून हात लावला. मागे न बघताच हे धापा टाकत म्हणाले, "वॉचमनदादा, बाईंना सांगू नका हं."

"नाही सांगत," मी म्हटलं, "पण तिकिटं दोन काढा."